नेमणूकपत्र मागा, आणि एक शिष्यही

नोव्हेंबर उजाडला की आपल्यापैकी कुणाची संध्याकाळ मोकळी राहत नाही. २२ तारखेला संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा सण. मग आगमनकाळ, कॅरलच्या फेऱ्या, नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आणि ३१ डिसेंबरची वर्षअखेरची उपासना. या दिवसांत गायकवृंदाचा प्रमुख आणि पेटी किंवा कीबोर्डवर बसणारा वादक यांच्यावाचून मंडळीचे पान हलत नाही. जानेवारीत सत्कार होतो, शाल मिळते, एक पाकीटही मिळते. त्या पाकिटात किती असावे हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. आपण नेमके कोणत्या कामाला बांधलेले आहोत आणि उद्या आजारी पडलो तर आपल्या जागी कोण बसणार, हेही लिहिलेले नसते. या अंकात आम्हाला त्या न लिहिलेल्या गोष्टींबद्दल बोलायचे आहे.

पैशाचे रडगाणे नवे नाही. बाखसारखा बाखही त्यातून सुटला नाही. १७३० च्या ऑक्टोबरात जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने लाइपझिगच्या नोकरीचा हिशेब मांडला आहे. वर्षाचे सुमारे ७०० थालर हाती येतात. पण त्यातला मोठा भाग लग्न आणि अंत्यविधी यांच्या दक्षिणेतून येतो, आणि हवा चांगली असली की माणसे कमी मरतात. आदल्या वर्षी गावाची तब्येत ठणठणीत राहिल्यामुळे आपले शंभराहून अधिक थालर बुडाले, असे तो गंभीरपणे नोंदवतो. लग्नांच्या हंगामावर वर्षाचे गणित बसवणाऱ्या आपल्या वाचकांना हे पत्र ओळखीचे वाटेल.

मात्र बाखजवळ एक गोष्ट होती, जी आपल्यापैकी बहुतेकांजवळ नाही: लेखी करार. मे १७२३ मध्ये त्याने सही केलेल्या कलमांमध्ये जाचक अटी पुष्कळ आहेत. नगराध्यक्षांच्या परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, चर्चमधले संगीत लांबवायचे नाही, त्याला ऑपेराचा वास येऊ द्यायचा नाही. पण त्यांतच एक कलम असे आहे, की शाळेतल्या मुलांना गाण्याबरोबर वाद्येही शिकवावीत, म्हणजे चर्चला बाहेरून वादक आणण्याचा खर्च पडणार नाही. नगरपालिकेचा हेतू चिक्कूपणाचा असेल, पण हिशेब पक्का होता. शिकवणे हे कॅंटरचे, म्हणजे बाखसारख्या चर्चच्या संगीतप्रमुखाचे, जोडकाम नव्हते. पद त्यावरच उभे होते.

आपल्या शेजारी, गोव्यात, हाच हिशेब कित्येक पिढ्या चालला. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांमध्ये ‘मेस्त्रे’ हा गुरुजी, वादक आणि गायकवृंदाचा प्रमुख असे तिन्ही असे. गावातल्या पोरांना तो आधी सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून गाणे शिकवी, मग हातात व्हायोलिन देई. त्यातून रविवारच्या मिस्सेला आवाज मिळत, उपवासकाळातल्या मोतेतांना गायक मिळत आणि मेस्त्रेला आपला वारसदारही मिळे. उरलेली मुले मुंबईला गेली. लष्करी बॅंड, हॉटेलांतले जॅझ आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद यांना नोटेशन वाचणारे हात हवे होते, आणि ते हात गोव्याच्या चर्चशाळांनी आधीच तयार करून ठेवले होते. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याच्या चर्चमधल्या गायनप्रमुखाचे चिरंजीव. एका गावच्या चर्चने एका शिक्षकाला पोसले आणि त्याचा लाभ साऱ्या देशाच्या कानांना झाला.

पुढे त्या शाळा ओसरल्या. १९५२ मध्ये आंतोनियो द फिगेरेदो यांनी पणजीत संगीत अकादमी काढली आणि कालांतराने ते काम कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाकडे आले. शहरात शिक्षणाची उत्तम सोय झाली, पण गावच्या मेस्त्रेकडचा वर्ग गेला. त्याच्याकडे उरले ते फक्त रविवारचे वाजवणे. आणि निव्वळ वाजवण्यासाठी माणूस ठेवणे कुठल्याही समितीला महाग वाटते. कीबोर्डवरचे तालाचे बटण दाबून काम भागते, ही समजूत तिथूनच रुजली. आमच्या मते मेस्त्रेचे पद पैशांअभावी खंगले हे अर्धेच खरे आहे. त्याच्याकडून शिकवणे सुटले, तेव्हाच त्याच्यावर खर्च का करायचा याचे उत्तरही सुटले.

महाराष्ट्रात आपले काम खरे तर दुप्पट अवघड आहे. अहमदनगरच्या परंपरेत कृष्णा रत्नाजी सांगळे आणि रेव्हरंड टिळक यांच्यापासून ख्रिस्ती कीर्तन, भजन आणि अभंग आहेत, आणि त्याच उपासनेत पाश्चात्त्य चालींवरची गीतेही आहेत. एका गीताला भजनी ठेका लागतो, दुसऱ्याला चार आवाजांची बांधणी लागते. वसईच्या मराठी मिस्सेतही हीच कसरत असते. १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने पाइप ऑर्गनचा मान राखला, लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला दार उघडले आणि गायकांना उपासनेचे रीतसर शिक्षण द्यावे असेही बजावले. पहिल्या दोन गोष्टी आपण आनंदाने उचलल्या. तिसरीची जबाबदारी कुणाची, हे ठरवायचे राहून गेले. आज आपल्याकडे पेटीवर सफाईने हात चालणारी पण स्टाफ नोटेशन न येणारी माणसे आहेत, तशीच पियानोच्या परीक्षा दिलेली पण केरव्याची सम न सापडणारी मुलेही आहेत. दोन्ही अंगे येणारा वादक आपोआप निपजत नाही. त्याला कुणीतरी घडवावे लागते.

जर्मनीत चर्चसंगीताच्या पात्रतेचे अ, ब, क असे टप्पे आहेत. ‘क’ परीक्षा ही दुसरा व्यवसाय सांभाळून रविवारी वाजवणाऱ्यांसाठी, तर ‘ब’ आणि ‘अ’ हे पूर्णवेळ पदांसाठीचे पदवीशिक्षण. आपल्याला विद्यापीठे उभारायची नाहीत, पण ‘क’ टप्प्याचे मराठी रूप सहज जमण्यासारखे आहे. उपासनावर्षाची ओळख, वीस-पंचवीस गीते दोन्ही पद्धतींनी वाजवणे, चार आवाजांची तालीम घेणे आणि गीतनिवड, एवढा अभ्यासक्रम धर्मप्रांताने किंवा मंडळ्यांच्या संघाने आखला, तरी प्रमाणपत्र हाती असलेल्या वादकाला मानधनाबद्दल बोलताना मान खाली घालावी लागणार नाही.

तोवर तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, नेमणूकपत्र. एका पानाचे पुरे. आठवड्याला किती उपासना, किती तालमी, सणांचे जादा काम, मानधन, वर्षाची सुट्टी आणि सोडण्याआधी किती दिवसांची सूचना, एवढे त्यात हवे. अमेरिकेतली ऑर्गनवादकांची संस्था असे नमुना करार आपल्या सदस्यांना पुरवते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पॅरिसच्या सेंट-सुल्पीस चर्चमध्ये ऑर्गनवादक विडोर १८७० मध्ये एक वर्षासाठी हंगामी म्हणून बसला आणि १९३३ च्या अखेरीस, जवळजवळ चौसष्ट वर्षांनी, हंगामीच उठला. विडोरला ते शोभले. आपल्या पोटापाण्याला परवडणार नाही.

दुसरी, लग्न आणि अंत्यविधीचे दर. ते कार्यालयाच्या सूचनाफलकावर लागू द्या. यजमानाने बाहेरचा वादक आणला तर नेमलेल्या वादकाचा काही हक्क राहतो का, हेही आधी ठरलेले बरे. गरिबाच्या अंत्यविधीला आपण पैसे घेत नाही आणि घेऊही नये. पण ती सूट वादकाच्या मनाने असावी, गृहीत धरलेली नसावी.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. नेमणूकपत्रात शिकवण्याचे कलम स्वतःहून घाला: दरवर्षी किमान एक विद्यार्थी, आठवड्याला एक तास, चर्चच्या वाद्यावर, चर्चच्या विजेवर. काही जुन्याजाणत्यांना भीती वाटते, की शिष्य तयार झाला की आपली खुर्ची जाईल. अनुभव उलटा आहे. ज्या चर्चमध्ये कुणी शिकत नाही, तिथे वादक म्हातारा झाला की वाद्यावर कापड पडते आणि समिती रेकॉर्ड केलेल्या गाण्यांकडे वळते. ज्याच्या हाताखाली चार मुले आहेत, त्याला काढायचे म्हटले तर चार घरचे पालक बैठकीत उभे राहतात.

फादर, पाळक आणि समितीचे सदस्य यांनाही एक विनंती. ध्वनिक्षेपकाच्या नव्या संचासाठी वर्गणी काढताना त्यातून कोण ऐकू येणार याचाही विचार व्हावा. संगीताचे अंदाजपत्रक यंत्रांच्या खरेदीने सुरू होते आणि तिथेच संपते, असे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

नाताळच्या तयारीची बैठक बहुतेक ठिकाणी याच महिन्यात असते. कॅरलची यादी आणि मांडवाचा खर्च यांच्यासोबत ‘वादक व गायनप्रमुख यांची नेमणूक आणि विद्यार्थी’ असा एक विषय पत्रिकेवर घालण्याचा अर्ज आजच द्या. डिसेंबरात समितीला तुमची जितकी गरज असते, तितकी वर्षभरात कधीच नसते.