पाणी कुठे मुरते?

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण माणसांविषयी संशयाने म्हणतो. वय झालेल्या छोट्या मोटारीच्या बाबतीत ते शब्दशः खरे असते. मारुती ८००चे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी आमच्या चंद्रपुरात ती आणि तिच्या वयाच्या गाड्या अजून दिसतात. त्यांचे धनी सकाळी तुळशीला घालावे तसे रेडिएटरला तांब्याभर पाणी घालतात आणि निर्धास्त होतात. परंतु पाणी घातले म्हणजे दुखणे कळले असे नव्हे.

गावात हे खपून जाते. भाऊबीजेला मात्र मी बहिणीकडे आलापल्लीला जातो. बल्लारपूर, गोंडपिंपरी मागे पडून आष्टीला वैनगंगा ओलांडली, की पुढे सागवानाचे जंगल. तिथे मोबाईल मुका होतो आणि मिस्त्री लवकर सापडत नाही. मागच्या सीटवर मुलेबाळे असतात.

आमच्या वीजकेंद्राच्या मनोऱ्यांतून वाफ उडून गेली तरी चालते. त्याच्या पाठीशी इरई धरण आहे. मोटारीला धरण नाही. तिचे पाणी बंद घरात फिरते आणि सहसा कमी होत नाही. दर आठवड्याला ते घालावे लागत असेल, तर कुठेतरी वाट फुटली आहे हे नक्की.

ती शोधावी कशी? रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. सकाळी रंगीत, बुळबुळीत थेंब दिसला तर तो कूलंट. एसी चालवल्यावर पडणारे स्वच्छ पाणी निरुपद्रवी. थेंब अगदी पुढे असेल तर रेडिएटर पाहा. पट्ट्याच्या बाजूला असेल तर वॉटर पंप. पंपाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. त्यातून पाणी गळले, की आतले सील गेले असे समजावे. भोक बुजवू नये. रबरी नळ्या गार असताना दाबून पाहा. लिबलिबीत झालेली किंवा तडकलेली नळी बदला. क्लिपांपाशी पांढरा-हिरवा थर दिसला तर तिथूनच पाझर आहे.

आता तुम्ही म्हणाल, पुठ्ठा तर कोरडाच! काही गळती दाबाखालीच उघडी पडते. रेडिएटरचे टोपण आत दाब धरते, त्यामुळे पाणी १०० अंशांवर उकळत नाही. म्हणूनच गरम एंजिनाचे टोपण कधीही उघडू नये. उकळते पाणी तोंडावर येते. मिस्त्री गार रेडिएटरला हातपंप लावून टोपणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब देतो. काटा उतरू लागला की गळती आहे. त्या टोपणाचीही परीक्षा करवून घ्यावी.

तरीही थेंब नाही? मग दुखणे पोटात आहे. एंजिन तापल्यावरही पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, दुधाळलेले ऑईल, ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे. अशी गाडी हलवू नये. पायाखालचा गालिचा ओला आणि गोडसर वास आला, तर हीटर पाहावा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तापमानाचा काटा पाण्यात बुडालेल्या खुंटीवर चालतो. पाणीच संपले तर एंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. वर गेलेला काटा एकाएकी उतरला तर हायसे वाटू देऊ नका, गाडी थांबवा.

बोअरच्या पाण्याचे क्षार आत साचतात, म्हणून गाडीच्या पुस्तकात सांगितलेला कूलंटच भरावा. तो चवीला गोड पण विषारी असतो. सांडलेला लगेच पुसा, मुले आणि कुत्री जवळ येऊ देऊ नका.

तेव्हा वाचकहो, भाऊबीजेच्या आठ दिवस आधी पुठ्ठा अंथरा. शंका फिटली नाही तर एस.टी. आहेच. भाऊ कशातून आला हे बहीण पाहत नाही. आला की नाही एवढेच पाहते.