'चोर होता का?' हा प्रश्नच चुकीचा आहे

परवा हापिसात जेवताना वाद पेटला. विषय काय, तर सुरेश कलमाडी. जानेवारी २०२६मध्ये ते गेले आणि त्याच महिन्यात पुण्यात महापालिकेची निवडणूक झाली. तेव्हापासून हा विषय आमच्या टेबलावर अधूनमधून येतोच. आमच्यातले एक ज्येष्ठ (वय वर्षं ४५, पण आमच्या टीममध्ये ते ज्येष्ठच!) म्हणाले, "काही म्हणा, त्या माणसाने पुण्यासाठी काहीतरी केलं." लगेच समोरचा नवा पोरगा, "हो, तिहारची वारी केली!" झालं. पुढची वीस मिनिटं डबे तसेच आणि भांडण चालू.

माझं म्हणणं असं की दोघंही चुकत होते. जेवणाची सुट्टी संपली म्हणून तिथे बोलायचं राहिलं, ते आज शनिवारी लिहून काढतोय.

आधी त्या माणसाचं जे आहे ते मान्य करू. हवाई दलातला वैमानिक, नंतर राजकारणात. १९९५-९६मध्ये रेल्वे राज्यमंत्री. पुण्यातून १९९६, २००४ आणि २००९ असा तीनदा लोकसभेवर. १९८३मध्ये पुणे मॅरेथॉन सुरू केली, १९८९मध्ये पुणे फेस्टिव्हल. १९९४मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा पुण्यात आणल्या, बालेवाडीचं क्रीडा संकुल उभं राहिलं. २००८च्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. मी तेव्हा शाळेत होतो. त्या स्पर्धेचा 'जिगर' नावाचा वाघ अजून आठवतो, आणि एकाएकी गुळगुळीत झालेले रस्तेसुद्धा. आपल्या शहरात कायतरी भारी चाललंय असं वाटायचं. ते खोटं नव्हतंच.

आता जरा ही यादी पुन्हा वाचा. यातल्या प्रत्येक गोष्टीला एक तारीख आहे. उद्‌घाटनाची तारीख, पाहुणे, मांडव, फोटो. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हे सगळे डेमो आहेत. क्लायंट येणार म्हटलं की आपण कसे रात्र रात्र जागून डेमो उभा करतो, तसे. आणि कलमाडींना डेमो जमायचा, यात वादच नाही. प्रश्न आहे तो मेंटेनन्सचा. ज्या कामाला तारीख नसते, फीत नसते, जे रोज सकाळी उठून करावं लागतं, त्याचं काय झालं?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बीआरटी. आणि हे मुद्दाम घेतोय, कारण कल्पना चांगली होती! डिसेंबर २००५मध्ये केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली, शहरांना पैसा मिळायला लागला. डिसेंबर २००६मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. देशात पहिली, असं आपण मिरवलं. कलमाडी तिचे मोठे पाठीराखे. पण बीआरटी म्हणजे रस्त्याच्या मधोमध दोन पट्टे ओढणं नव्हे. स्टॉप नीट लागतात, माणसाला रस्ता ओलांडून मधल्या स्टॉपपर्यंत जिवंत पोचता आलं पाहिजे, लेनमध्ये दुचाक्या घुसणार नाहीत हे बघावं लागतं, आणि मुळात वेळेवर येणाऱ्या पुरेशा बसगाड्या लागतात. यातलं निम्मं अर्धवट असतानाच मार्ग सुरू केला. त्याच योजनेच्या पैशातून अहमदाबादने ऑक्टोबर २००९मध्ये, म्हणजे आपल्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी, सुरुवात केली. पण तिथे चढायला बसच्या उंचीचे फलाट असलेली स्टेशनं बांधून मग गाड्या सोडल्या. आपण पहिले आलो आणि नापास झालो. पुण्यातल्या माणसाने त्यातून धडा काय घेतला? तर 'बीआरटी फालतू असते', आणि गेला बाईक घ्यायला.

इथे कोणी म्हणेल, खासदाराचं काम बस चालवणं आहे का? आणि २००७मध्ये तर राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजपने 'पुणे पॅटर्न' करून काँग्रेसला महापालिकेतून बाहेर बसवलं होतं, मग पुढचं खापर त्यांच्यावर का? मुद्दा बरोबर आहे. २००७ नंतरचं सगळं त्यांच्या नावावर टाकता येणार नाही, ज्यांनी ते चालवलं त्यांनाही जाब विचारला पाहिजे. पण त्याआधी किती वर्षं महापालिकेतल्या काँग्रेसवर त्यांचा शब्द चालायचा? लोक त्यांना शहराचे 'कारभारी' म्हणायचे ते उगाच नाही. कारभारी म्हणवून घ्यायचं आणि कारभाराचा हिशोब मागितला की 'मी तर खासदार' म्हणायचं, हे चालणार नाही.

आता दुसरी बाजू. एप्रिल २०११मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांवरून कलमाडींना अटक झाली. जानेवारी २०१२मध्ये जामीन मिळाला. त्यानंतर पुण्यातल्या मध्यमवर्गाच्या दृष्टीने हा विषय संपला: चोर. पुढे त्यातल्या एका मनी लाँडरिंगच्या प्रकरणात ईडीने क्लोजर रिपोर्ट दिला आणि एप्रिल २०२५मध्ये दिल्लीच्या कोर्टाने तो स्वीकारला. मग लगेच दुसरा गट: बघा, आमचा नेता निर्दोष!

अरे, पण या सगळ्यात पुण्याचा हिशोब कुठे आहे? दोषी की निर्दोष, हे कोर्ट ठरवेल. शहराचा पैसा, वेळ आणि लक्ष कशावर आधी खर्च झालं, हे कोर्ट कधीच ठरवणार नाही, ते आपल्यालाच ठरवायचं असतं. अत्यंत स्वच्छ हाताचा माणूससुद्धा शहराची वाट लावू शकतो, जर त्याला फक्त फीत कापता येणारीच कामं दिसत असतील. 'चोर होता का?' हा प्रश्न सोपा आहे म्हणून आपण तो विचारतो. त्याला अभ्यास लागत नाही, वर्तमानपत्राचं पहिलं पान पुरतं.

आणि डेमोला टाळ्या वाजवणारे कोण? आपणच. उड्डाणपूल झाला की 'काम करतो बुवा'. त्या दशकात विद्यापीठ चौकात पूल उभा राहिला तेव्हाही आपण खूश होतो. २०२०मध्ये मेट्रोसाठी तो पाडला. अख्खा पूल! मेट्रोची चर्चा तर तेव्हापासूनचीच, पण ती धावली मार्च २०२२मध्ये. पुढचं न बघता केलेल्या कामाचे पैसे आपण दोनदा मोजतो, आणि दोन्ही वेळा टाळ्या वाजवतो.

हे जुनं उकरून काढण्याचं कारण असं, की गोष्ट जुनी नाहीये. मार्च २०२२पासून जवळजवळ चार वर्षं पुण्याला नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. याच काळात, जानेवारी २०२५मध्ये, सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसची साथ आली. संशय दूषित पाण्यावर. ही गावं २०२१मध्ये महापालिकेत घेतली होती. हद्द वाढवायला एक अधिसूचना पुरते, पण शुद्ध केलेलं पाणी त्या हद्दीपर्यंत न्यायला वर्षं लागतात. त्या कामाला फीत नाही, म्हणून ते मागे राहतं. तिकडे आपल्यासारखेच आयटीवाले राहतात, फ्लॅटचे हप्ते भरत.

आता १६५ नगरसेवक निवडून आलेत. पालिकेचं वर्षाचं बजेट १२ हजार कोटींच्या वर आहे. माझी विनंती एवढीच, की आपापल्या प्रभागातल्या माणसांना भेटा आणि 'तुम्ही स्वच्छ आहात का' हे विचारत बसू नका, सगळे हो म्हणतात. हे तीन विचारा. एक, आमच्या भागात पाणी कुठून येतं आणि शुद्ध कुठे होतं? दोन, शेवटचा फुटपाथ दुरुस्त कधी केला, नवा बांधला कधी ते नको. तीन, या वर्षी बजेटमधून कुठलं काम तुम्ही मागे ठेवलंत, आणि का?

तिसऱ्या प्रश्नावर बहुतेकजण गडबडतील. गडबडू देत. पण जो सरळ उत्तर देईल, भले ते आपल्याला पटणारं नसेल, त्याच्याशी निदान भांडता तरी येईल.

असो. सोमवारी आमच्या टेबलावर भांडण पुन्हा होणारच आहे. या वेळी मी डबा आधी संपवणार आहे.