आवाजाची उपेक्षा

अलीकडे आमच्या गोव्यातील शाळांतून चित्रणाची हौस चांगलीच वाढीस लागली आहे. स्नेहसंमेलन असो, विज्ञानप्रदर्शन असो वा चतुर्थीतील घुमट-आरती असो, मुले मोबाईल हाती घेऊन उभी राहतात आणि घटकाभरात व्हिडिओ तयार होतो. ही हौस आम्हांस स्वागतार्ह वाटते. परंतु हे व्हिडिओ पाहू जाता एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. चित्र लख्ख असते. बोलणारा काय बोलतो, हे मात्र कळत नाही. पंख्याची घरघर, व्हरांड्यातील गलबला आणि भिंतींवरून परतणारा घुमारा यांत त्याचे शब्द बुडून गेलेले असतात. इतके होऊनही शाळेच्या हाती चार पैसे आले की पहिली मागणी होते ती नव्या कॅमेऱ्याची. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. शाळेने आधी माइक घ्यावा, त्यानंतर ध्वनिमुद्रक, आणि कॅमेऱ्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

असे म्हणण्यास कारण आहे. अंधुक चित्र आपण चालवून घेतो. परंतु शब्दच ऐकू आले नाहीत, तर पाहणारा दोन मिनिटांत उठून जातो. साध्या मोबाईलचे चित्र आज शाळेच्या कामास पुरेसे असते. त्याचा माइकही वाईट नसतो; त्याचा दोष एवढाच, की चित्र घेताना तो बोलणाऱ्यापासून दूर राहतो. येथे पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम ध्यानी घ्यावा. मोकळ्या जागेत उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते, म्हणजे सहा डेसिबलने उतरते. हनुवटीपासून 20 सेंटीमीटरवर असलेला माइक 160 सेंटीमीटरवर नेला, तर त्यास मिळणारा आवाज चौसष्टाव्या भागावर येतो. डोक्यावरच्या पंख्याचा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. मग यंत्राने बोलणे वाढविले, तर त्यासोबत पंखाही वाढतो. म्हणून वीतभर अंतरावरचा स्वस्त माइक हा कॅमेऱ्यावर बसविलेल्या महागड्या माइकाहून बहुधा सरस ठरतो. लांब नळीच्या 'शॉटगन' माइकाविषयीही पुष्कळांचा गैरसमज आहे. तो बाजूचे आवाज काहीसे कमी करतो. दुर्बीण जसे दूरचे चित्र जवळ आणते, तसा दूरचा आवाज तो जवळ आणीत नाही.

आता खरेदीविषयी. पहिली वस्तू तारेचा कॉलर माइक. 'बोया बीवाय-एम 1' या जातीचा माइक हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि त्यास सहा मीटर लांबीची तार असते. विकत घेताना त्याच्या पिनेकडे पाहावे. मोबाईलसाठीच्या पिनेवर तीन काळी वलये असतात, कॅमेऱ्यासाठीच्या पिनेवर दोन. शिवाय अनेक नव्या मोबाईलना गोल पिनेची जागाच नसते, त्यांस जोडणी निराळी घ्यावी लागते. दुसरी वस्तू हातात मावणारा ध्वनिमुद्रक. 'टॅस्कॅम डीआर-05 एक्स' किंवा 2024 साली आलेला 'झूम एच 1 इसेन्शियल' हे या वर्गातले आहेत; त्यांची किंमत दहा हजारांच्या आसपास असते. एकट्या वक्त्यासाठी कॉलर माइक पुरे. मांडावरचे धालो, फुगडी, आरती यांसारख्या समूहगायनास मात्र ध्वनिमुद्रकच हवा, कारण तो लहान तिवईवर ठेवून गाणाऱ्यांच्या जवळ नेता येतो आणि कॅमेरा हवा तेवढा दूर ठेवता येतो.

बिनतारी माइक घ्यावा, असा मुलांचा आग्रह असतो. नाटकात पात्रे हिंडतात, तेथे त्याचा उपयोग आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच्या बॅटऱ्या वेळेवर भराव्या लागतात, त्या काही वर्षांनी दुबळ्या होतात, आणि गर्दीच्या ठिकाणी कधी आवाज तुटतो. अनेक हातांतून फिरणाऱ्या शालेय वस्तूस तारच अधिक सोशिक. उरलेल्या पैशांत एक साधा हेडफोन आणि वाऱ्यासाठी माइकावर चढविण्याची केसाळ टोपी घ्यावी. मुद्रण चालू असतानाच कानाने ऐकले, तर दोष तेथल्या तेथे कळतो.

वापरण्याची रीतही खर्चाची नाही. घुमटाच्या थापेने आवाजाची टोके छाटली जाऊ नयेत म्हणून सर्वांत मोठी थाप उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील, असे आधीच पाहून घ्यावे. मूळ मुद्रण डब्ल्यूएव्ही प्रकारात करावे. एमपी 3 करताना जे वगळले जाते, ते पुन्हा मिळत नाही. 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट या मापाने दोन वाहिन्यांचे मुद्रण तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा घेते, म्हणजे 32 गिगाबाइटच्या कार्डात जवळजवळ तीस तास मावतात. चित्र व आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर घेतले असतील, तर आरंभी आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एक स्पष्ट टाळी वाजवावी. त्या टाळीवरून दोहोंचा मेळ घालता येतो, आणि लांब मुद्रणात दोन यंत्रांत किंचित फरक पडला असल्यास तोही कळतो.

शांततेस तर कवडीही पडत नाही. 1931 सालच्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाच्या वेळी स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून बरेचसे चित्रण रात्री करावे लागले. आपल्याला तर पंखा बंद करणे आणि खिडकी लावणे एवढेच करावयाचे आहे. पावसाळ्यात पत्र्याखाली मुद्रण करू नये. आणखी एक धडा नोव्हेंबर 1902 मधला. कलकत्त्यास गौहर जान यांनी तबकडीसाठी गायन केले, तेव्हा शेवटी आपले नाव उच्चारले. परदेशात तबकड्या तयार करणाऱ्यांस गायिका ओळखता यावी, हा त्याचा हेतू. आमच्या विद्यार्थ्यांनीही प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी नाव, गाव व तारीख बोलून घ्यावी. नाव नसलेले मुद्रण दहा वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडणार?

कोणी म्हणेल, शाळेच्या हौसेखातर एवढा विचार कशास? त्याचे उत्तर आमच्या घरांत आहे. आमच्यापैकी बहुतेकांची घरची बोली कोंकणी आणि शाळेची भाषा मराठी. आजीच्या तोंडी जे शब्द आहेत, ज्या ओव्या आणि धालोगीते आहेत, त्यांतील कितीतरी कोठेही लिहिलेली नाहीत. कोंकणीत 'बरी' म्हटले तर ती एक मुलगी, आणि 'बरीं' म्हटले तर ती सारी भुरगी. भेद केवळ नाकातून निघणाऱ्या एका सूक्ष्म स्वराचा. घुमाऱ्यात हा स्वर पहिल्याने नाहीसा होतो. मग उरते ते आजीचे हलणारे ओठ आणि सुंदर रंगीत चित्र. नातवंडांस तिचे बोलणे त्यातून कसे कळावे? आणि ती पुन्हा तेच, तसेच सांगण्यास नेहमी आपल्यात असेलच असे नाही.

चित्रावाचून आवाज किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण आमच्याच भूमीतले आहे. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील आवाजांची जी तबकडी पाठविली, तीत केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. तीन-साडेतीन मिनिटांचा हा नुसता आवाज. परंतु तो नीट मुद्रित झाला होता, म्हणूनच निवडला जाऊ शकला.

म्हणून शाळाचालकांस आमची विनंती आहे, की यंदा कॅमेऱ्याची मागणी आली, तर तिच्या किमतीतून आधी दोन कॉलर माइक, एक ध्वनिमुद्रक आणि एक हेडफोन घ्यावा, व ते वाचनालयातील पुस्तकांप्रमाणे नोंद करून विद्यार्थ्यांस घरी नेऊ द्यावेत. विद्यार्थ्यांस एवढेच सांगावयाचे, की येत्या दिवाळीच्या सुटीत आपल्या घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाजवळ बसावे, पंखा बंद करावा, माइक वीतभर अंतरावर लावावा आणि मग प्रश्न विचारून स्वस्थ ऐकावे.