दोरी कुठे अडकली?

आमच्या सानपाड्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत कपडे वाळत घालण्याची एक यंत्रणा आहे. सहा नळ्या, बारा कप्प्या आणि वावभर दोऱ्या. दोरी ओढली की नळी वर जाते, सोडली की खाली येते. मामला तसा सरळ. पण तिसऱ्या नळीची दोरी हटकून पाचव्या नळीच्या कप्पीत जाऊन बसते आणि माझा ओला सदरा अधांतरी त्रिशंकू होतो. "बँकेत एवढी वर्षं काढलीत, एक दोरी सोडवता येत नाही?" असं सौ. आतून विचारते आणि नातू शेजारी उभा राहून खो खो हसतो.

त्याच नातवाला मी परवा एक जुनं इंग्रजी पुस्तक दाखवलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर घेतलेलं. चित्रकार विल्यम हीथ रॉबिन्सन (१८७२-१९४४). पुस्तकाचं नाव 'हाऊ टु लिव्ह इन अ फ्लॅट', साल १९३६, मजकूर के. आर. जी. ब्राऊन यांचा. लंडनच्या चिमुकल्या फ्लॅटांत माणसानं कसं मावावं याच्या अफलातून युक्त्या त्यात आहेत. गाठी मारलेल्या दोऱ्या, कप्प्या, तरफा, आणि हे सगळं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं चालवणारी माणसं! या गृहस्थाचं नाव इंग्रजीत असल्या खटाटोपाला कायमचं चिकटलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उकलण्यासाठी १९४३ साली ब्रिटिशांनी जे यंत्र जुळवलं, त्याला ते चालवणाऱ्यांनी 'हीथ रॉबिन्सन' हेच नाव दिलं.

अमेरिकेत हाच उद्योग रूब गोल्डबर्गनं केला. मूळचा इंजिनिअर; सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी आणि मलनिस्सारण खात्यात काही महिने काढून तो चित्रांकडे वळला. त्याचं १९३१ सालचं एक चित्र प्रसिद्ध आहे. जेवता जेवता तोंड पुसणारा आपोआप रुमाल! सूपचा चमचा तोंडाकडे नेला की दोरी ओढली जाते, पळी उडते, बिस्किट पोपटावरून भिरकावलं जातं, पोपट झेपावतो, त्याची दांडी कलते, दाणे बादलीत सांडतात, बादलीच्या वजनानं लायटर पेटतो, त्यावर अग्निबाण सुटतो, बाणाला बांधलेला विळा दोरी कापतो आणि लंबकाला बांधलेला रुमाल हनुवटी पुसून जातो.

आपण याला द्राविडी प्राणायाम म्हणतो. पण नातू हसता हसता थांबला आणि बोट ठेवून म्हणाला, "आजोबा, पोपट झोपला असेल तर?"

मला हा प्रश्न फार आवडला. कारण या चित्रांचं मर्म तिथेच आहे. यंत्र कितीही वेडगळ असो, त्याची प्रत्येक दोरी आपल्याला दिसते. गोल्डबर्ग तर प्रत्येक टप्प्याला अक्षरं देत असे. बिघडलं तर कुठे बिघडलं, हे लहान पोरही सांगू शकतं. आपल्याकडे शि. द. फडणीसांनी शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रं काढली, त्यांनीही वेगळ्या वाटेनं हेच साधलं. मुलांना धडकी भरवणारा विषय त्यांनी डोळ्यांना दिसेल असा केला. दिसतं त्याची भीती वाटत नाही.

मी ज्या बँकेत रुजू झालो ती अशीच एक प्रचंड दोऱ्या-कप्प्यांची यंत्रणा होती. चेक काउंटरवर द्यायचा, पितळी टोकन घ्यायचं. मग चेक लेजरमध्ये चढायचा, तिथून अधिकाऱ्याकडे, तो नमुन्याच्या सहीशी सही ताडून पाहायचा, मग रोखपालाकडे, आणि शेवटी टोकनचा पुकारा. दोनशे रुपयांसाठी पाऊण तास! लोक शिव्या द्यायचे, त्या रास्तच होत्या. तो काळ परत यावा असं मी मुळीच म्हणणार नाही. आज पेन्शन घरबसल्या फोनवर दिसतं, याचं मलाही सुख आहे. पण तेव्हा बाकावर बसलेल्या माणसाला आपला चेक कुठल्या टेबलावर पडून आहे ते दिसत असे. "साहेब चहाला गेलेत," एवढं तरी त्याला कळे.

मागच्या नोव्हेंबरात आईला हयातीच्या दाखल्यासाठी घेऊन गेलो. वय अठ्ठ्याऐंशी, वडिलांच्या मागे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावर तिची औषधं चालतात. अंगठा यंत्रावर ठेवला. जुळेना. दुसरा अंगठा, मग एकेक बोट. पाटा-वरवंटा आणि राखेनं घासलेल्या भांड्यांनी जन्मभरात रेषाच पुसून नेलेल्या. "काकू, सिस्टिम घेत नाही," मुलगा अजिजीनं म्हणाला. मी विचारलं, नेमकं कुठे अडतंय? त्यालाही ते दिसत नव्हतं. आई मात्र शांतपणे म्हणाली, "अरे, मी इथे बसलेय ना?"

तीन खेपा झाल्या. डिसेंबरचं पेन्शन थांबलं. शेवटी एका अधिकारी बाईंनी आईकडे नीट पाहिलं, कागदी फॉर्म काढला आणि सही केली. पाच मिनिटांत आई हयात झाली. तो कागदी मार्ग पहिल्या दिवसापासून उघडाच होता. फक्त कुणी सांगितला नव्हता.

माझं म्हणणं यंत्राविरुद्ध नाही. सगळ्या दोऱ्या भिंतीआड गेल्या, याविरुद्ध आहे. काम अडलं तर कोणत्या टप्प्यावर अडलं, आता काय करायचं आणि कोणत्या माणसाला भेटायचं, एवढ्या तीन ओळी मातृभाषेत सांगणं कुठल्याही कार्यालयाला अवघड नाही. बोटं न उमटणाऱ्यांसाठी दुसरा रस्ता आहे, हे दारावर ठळक अक्षरांत लिहिणं तर त्याहून सोपं. नुसतं 'सिस्टिम घेत नाही' हे उत्तर म्हणजे पोपट झोपलाय, पण पिंजरा कुठे आहे ते सांगणार नाही, असं म्हणण्यासारखं आहे.

काल गॅलरीतली दोरी पुन्हा अडकली. मी चष्मा शोधत होतो, तेवढ्यात नातू स्टुलावर चढला, वर पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, पाचवी कप्पी!" आणि सदरा अलगद खाली आला.