तेलक्षेत्राचे चित्र आणि संग्राहकाचे उत्तरदायित्व

छायाचित्राच्या प्रती मोजून काढाव्यात, प्रत्येक प्रतीवर अनुक्रमांक व स्वाक्षरी घालावी, ठरलेली संख्या पुरी होताच त्या चित्राची छपाई कायमची बंद झाल्याचा दाखला द्यावा आणि त्या दाखल्याच्या बळावर एरवी अगणित निघू शकणाऱ्या वस्तूला दुर्मिळतेचे मोल यावे, हा व्यवहार पाश्चात्त्य कलाबाजारात कित्येक दशकांपासून रूढ आहे आणि मुंबई-दिल्लीच्या कलादालनांतही तो आता अपरिचित राहिलेला नाही. या व्यवहाराशी माझे भांडण नाही. परंतु ज्या वेळी चित्राचा विषय तेलविहिरी, शुद्धीकरण कारखाने, भरसमुद्रातील खोदकामाचे फलाट आणि तेथे राबणारी माणसे हा असतो, त्या वेळी केवळ प्रतींच्या संख्येचा करार पाळून विक्रेता व संग्राहक या दोघांनाही आपले कर्तव्य संपले असे मानता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण या चित्रांतील सौंदर्य जितके अस्सल, तितकीच त्यांतील साक्षही अस्सल असते, आणि आजच्या पद्धतीत सौंदर्याला सहीशिक्क्याचा दाखला मिळतो, साक्ष मात्र बेवारस राहते.

सौंदर्याविषयी संकोच बाळगण्याचे काही कारण नाही. कॅनडाचे एडवर्ड बर्टिन्स्की यांनी २००३ साली कॅलिफोर्नियातील बेलरिजच्या तेलक्षेत्राचे घेतलेले जोडचित्र ज्याने पाहिले असेल, त्याला त्या रुक्ष भूमीवर क्षितिजापर्यंत पसरलेली पंपांची, नळांची आणि तारांच्या खांबांची दाटी एकाच वेळी भयकारक आणि मोहक वाटल्यावाचून राहिली नसेल. त्यांचे खनिज तेलावरील प्रदर्शन २००९ साली वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनात भरले, तेव्हा विहिरीपासून आरंभ करून चितगावच्या किनाऱ्यावर मजुरांच्या हातांनी फोडल्या जाणाऱ्या जुन्या जहाजांपर्यंत तेलाचा अवघा जीवनक्रम त्यांनी प्रेक्षकांपुढे मांडला होता. ब्राझीलचे सेबास्तियाओ सालगादो यांनी १९९१ मध्ये, माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतमधील सहाशेंहून अधिक विहिरी पेटवून दिल्या असता, त्या विझवणाऱ्या माणसांची कृष्णधवल चित्रे घेतली. नखशिखांत तेलाने माखलेली ती माणसे धातूच्या मूर्तींसारखी तळपताना दिसतात. असे चित्र दिवाणखान्यात लावणे म्हणजे परक्याच्या यातनेची शोभा करणे होय, असा आक्षेप कोणी घेतो. मला तो मान्य नाही. चित्र सुंदर असल्यामुळेच मनुष्य त्याच्यासमोर थांबतो, आणि थांबल्यावरच त्याला प्रश्न सुचतो. दोष घडतो तो त्या प्रश्नाला उत्तर देणारी हकीकत चित्रापासून तुटते तेव्हा.

ही तूट कशी पडते, याचे उदाहरण तेल-छायाचित्रणाच्या जन्मकाळातच सापडते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात, टायटसव्हिल येथे, २७ ऑगस्ट १८५९ रोजी एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागले आणि या धंद्याच्या आधुनिक इतिहासास प्रारंभ झाला. मूळचे इंग्लंडचे जॉन मॅथर हे छायाचित्रकार पुढे त्या गावी स्थायिक झाले, आणि काचेच्या ओल्या तबकड्यांवर चित्र घेण्याच्या त्या कष्टप्रद काळात, नावेवर अंधारखोली थाटून, ऑइल क्रीकच्या काठाकाठाने त्यांनी मनोरे, चिखल, पिंपे आणि माणसे टिपली. ड्रेक आपल्या विहिरीसमोर उभे असल्याचे त्यांचे चित्र जगभर छापले गेले. तथापि ते तेल लागले त्या वर्षीचे असल्याचा समज दृढ झाला, वस्तुतः ते त्यानंतर काही वर्षांनी घेतलेले असून त्यात दिसणारा मनोराही पुन्हा उभारलेला आहे, कारण मूळचा १८५९ च्या शरद ऋतूतच जळून गेला होता. त्याहून मोठा घोटाळा शेजारच्या माणसाचा. ज्याने प्रत्यक्ष विहीर खोदली तो बिली स्मिथ हाच, असे सांगून ते चित्र अनेकदा छापण्यात आले. प्रत्यक्षात तेथे उभे आहेत ते ड्रेक यांचे स्नेही, गावातील औषधविक्रेते पीटर विल्सन. म्हणजे खोदणारा कारागीर चित्रात नाहीच, आणि त्याच्या नावावर दुसऱ्याचा चेहरा जमा झालेला. एका ओळीच्या चुकीने इतके होते. पुढे १८९२ मध्ये ऑइल क्रीकला महापूर आला, त्याच्या पाण्यावर तेलाची आग पसरली, आणि मॅथर यांच्या हजारो तबकड्या नष्ट झाल्या. वाचल्या त्या आज ड्रेक यांच्या विहिरीच्या जागी उभारलेल्या संग्रहालयात आहेत.

याच्या उलट, दप्तर नीट राखले असता काय साधते, हे न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९४३ साली हाती घेतलेल्या छायाचित्रण-उपक्रमावरून दिसते. जर्मनीच्या आय. जी. फार्बेन या कंपनीशी असलेले तिचे करार १९४२ मध्ये उघडकीस येऊन लोकमत तिच्यावर रुष्ट झाले होते. आपली प्रतिमा उजळावी या स्वार्थी हेतूनेच तिने रॉय स्ट्रायकर यांना या उपक्रमाच्या प्रमुखपदी नेमले. परंतु स्ट्रायकर यांनी गॉर्डन पार्क्स, एस्थर बब्ली, टॉड वेब यांसारख्या छायाचित्रकारांना मोकळीक दिली. बब्ली १९४५ मध्ये टेक्सासमधील टॉमबॉल या तेलगावात गेल्या, त्या विहिरीपाशीच खिळून न राहता त्यांनी गावाचा दिनक्रम टिपला, आणि तेलाचे चित्र म्हणजे मनोऱ्याखाली वसलेल्या संसारांचेही चित्र होय, हे सिद्ध केले. तो सारा ठेवा टिपणांसह आज लुइव्हिल विद्यापीठात अभ्यासकांना खुला आहे. कंपनीचा हेतू विरून गेला, नोंदी राहिल्या.

आता मर्यादित प्रतींच्या व्यवहाराकडे वळू. अनुक्रमांकाचा हा करार वाटतो तितका भक्कम नाही. अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांच्या जुन्या चित्रांच्या मोठ्या आकाराच्या नव्या प्रती २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघाल्या, ३६ चित्रांना ५९ लाख डॉलर आले, आणि त्याच चित्रांच्या जुन्या मर्यादित प्रती बाळगणाऱ्या एका संग्राहकाने न्यायालयात धाव घेतली. नवा आकार व नवी छपाई ही निराळी मालिका ठरते, या विचाराने त्याचा दावा पुढल्या वर्षी फेटाळण्यात आला. ब्रेट वेस्टन यांनी मात्र १९९१ मध्ये, आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी, बहुतेक निगेटिव्ह स्वतःच्या हातांनी अग्नीच्या स्वाधीन केल्या, कारण आपल्या चित्राची प्रत दुसऱ्याने काढावी हे त्यांना मान्य नव्हते. दुसऱ्या टोकाला ॲन्सेल ॲडम्स आहेत. हर्नांडेझ गावावरील चंद्रोदयाच्या त्यांच्या १९४१ मधील चित्राच्या तेराशेंहून अधिक प्रती त्यांच्या हयातीत निघाल्या, तरीही त्याचे मोल कमी झाले नाही. यावरून मला असे दिसते की दुर्मिळता हा किमतीचा एकमेव आधार नव्हे, आणि सार्वजनिक प्रत ठेवली तर बाजार कोसळेल ही विक्रेत्यांची भीती फारशी साधार नाही. पुनर्विक्रीच्या लाभाचा प्रश्नही याच व्यवहाराशी जोडलेला आहे. आपल्याकडील १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५३-अ चित्र, शिल्प, रेखाटन अथवा मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेल्यास कर्त्याला त्यात वाटा देते. त्या यादीत छायाचित्राचा उल्लेख नाही. ही उणीव दूर व्हावयास हवी.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, १९७४ च्या फेब्रुवारीत, सागर सम्राट या खोदकामाच्या फलाटाने बॉम्बे हायचे तेल शोधले, आणि १९७६ पासून तेथून उत्पादन सुरू झाले. त्या फलाटाचे चित्र २०१५ साली पुन्हा काढलेल्या एक रुपयाच्या नोटेच्या पाठीवर आहे. एवढ्या विपुल प्रती निघालेले तेलक्षेत्राचे दुसरे चित्र आपल्या देशात क्वचितच असेल. पण त्यात एकही माणूस दिसत नाही. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईवर कोसळलेल्या प्रलयंकारी पावसाच्या दुसऱ्याच दिवशी, एका मदतनीस जहाजावरील, बोटांना इजा झालेल्या आचाऱ्याला उपचारासाठी बॉम्बे हायच्याच दुसऱ्या एका फलाटावर चढवत असताना ते जहाज फलाटाच्या वायुनळावर आदळले, भडका उडाला, काही तासांत तो प्रचंड फलाट समुद्रात कोसळला आणि २२ जणांनी प्राण गमावले. शहर स्वतःच्याच दुःखात बुडालेले असल्याने त्या माणसांचा शोक हवा तसा झाला नाही. मित्तर बेदी यांच्यासारख्या मुंबईच्या श्रेष्ठ औद्योगिक छायाचित्रकाराने कंपन्यांच्या जाहिराती व अहवाल यांसाठी केलेले काम आज कलादालनांत मानाने लावले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या काळातील औद्योगिक चित्रांत यंत्राशेजारी उभा असलेला कामगार बहुधा अनामिकच राहिला.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, तेलक्षेत्राच्या चित्राच्या मर्यादित प्रती ज्या दिवशी विक्रीस निघतील, त्याच दिवशी त्यांतील एक प्रत, संख्येत धरून, एखाद्या सार्वजनिक संग्रहालयात जमा व्हावी; प्रत्येक विकाऊ प्रतीबरोबर खरेदीखताइतक्याच काळजीने लिहिलेले टिपण असावे, ज्यात ठिकाण, तारीख, कोणाच्या खर्चाने चित्र घेतले, चित्रातील माणसे कोण व ती काय करीत आहेत, हे नमूद असेल; आणि प्रत एका हातून दुसऱ्या हाती जाताना ते टिपणही जावे. संग्राहकाने चित्राला आम्लरहित पुठ्ठा घालावा, दमट हवेतील बुरशीपासून त्याला जपावे, रंगीत प्रत उन्हापासून दूर ठेवावी, हे सर्व तो करतोच. त्याच आस्थेचा एक अंश त्याने त्या कागदासाठी खर्च करावा. ज्यांनी १९७४ मध्ये पंचविशीत असताना सागर सम्राटवर काम केले, ते आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. ज्यांच्या संग्रही त्या काळच्या प्रती आहेत, त्यांनी त्या या वृद्धांपुढे ठेवून, प्रत्येक चेहऱ्याखालचे नाव त्यांच्या तोंडून लिहून घेण्याचे काम याच वर्षी सुरू करावे.