डिझेल स्वस्त, पण कुणाला?

“घ्यायची तर डिझेलचीच!” असा निकाल गेल्या दिवाळीत आमच्या घरात लागला. निकाल देणारा माझा मोठा भाऊ. माणकोलीकडच्या एका गोदामात तो सुपरवायझर आहे आणि चारचाकी घेण्याचा विचार करणारा आमच्या घराण्यातला पहिलाच माणूस. वडिलांचे सारे आयुष्य यंत्रमागावर गेले. आईने भिशीचे पैसे बाजूला काढून ठेवले आहेत, बाकीचे कर्ज. मी अर्थशास्त्र शिकते म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली आणि तिथेच वादाला सुरुवात झाली.

दादाचे म्हणणे साधे आहे. पंपावर डिझेल स्वस्त, गाडी ॲव्हरेज जास्त देते. आणि हे खोटे असेल तर एवढे ट्रकवाले काय वेडे आहेत? भिवंडीत वाढलेल्या कुणालाही हे पटेल. कापडाच्या गाठी असोत की गोदामातला माल, आपल्या गावात सारे डिझेलवरच हलते. शिवाय ॲव्हरेजची गोष्ट खरीच आहे. डिझेलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक ऊर्जा असते आणि डिझेलचे इंजिन हवा जास्त दाबून तिचा उपयोगही चांगला करते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरने १८९७ मध्ये हे इंजिन यशस्वी करून दाखवले, ते याच गुणावर.

परंतु दादाच्या मनातला भाव जुना आहे. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांच्या पुढे गेले होते, तेव्हा डिझेल ४१ च्याही आत होते. तब्बल बत्तीस रुपयांचा फरक! हा फरक काही जमिनीतून आलेला नव्हता. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले होते, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले होते. शेतकऱ्याचा पंप, एस.टी., मालाची ट्रक यांच्यासाठी ही सवलत होती. तिचा फायदा बंगल्यापुढच्या गाड्यांनीही मनसोक्त घेतला, हे मला आजही अन्यायाचे वाटते. पुढे जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले होते. जुलै २०२४ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या पुढे आणि डिझेल ९० च्या घरात होते. म्हणजे बत्तीसचे तेरा-साडेतेरा झाले.

मी वहीत मांडलेला हिशेब असा. पेट्रोलची गाडी लिटरला १७ किलोमीटर जाते, डिझेलची २१, असे धरले. वरच्या भावाने पेट्रोलला किलोमीटरमागे सुमारे सहा रुपये दहा पैसे पडतात, डिझेलला चार रुपये तीस पैसे. बचत एक रुपया ऐंशी पैसे. डिझेलची गाडी सव्वा लाखाने महाग धरली, तर ते सव्वा लाख वसूल व्हायला सुमारे सत्तर हजार किलोमीटर लागतात. दादा रोज जाऊन-येऊन फार तर तीस किलोमीटर फिरणार, वर्षाला नऊ हजार. म्हणजे पावणेआठ वर्षे! यात जादा कर्जाचे व्याज नाही, सर्व्हिसिंगचा खर्च नाही. आपल्या राज्यात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेलच्या गाडीला १३ टक्के कर लागतो, तोही नाही. ट्रकवाला वेडा नाही. तो दिवसाला शेकडो किलोमीटर धावतो, म्हणून त्याला परवडते.

आणखी एक गोष्ट आपल्या रस्त्यांची. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ चे नियम आले. तेव्हापासून डिझेलच्या गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जळून जायला गाडी थोडा वेळ सलग वेगात धावावी लागते. आता अंजूरफाट्याला किंवा कल्याण नाक्यावर संध्याकाळी सहा वाजता गाडी सलग कुठे धावणार, हे वाचकांनीच सांगावे. याच नियमांच्या तोंडावर मारुतीने आपल्या डिझेल गाड्या बंद केल्या. नव्या नियमांची लहान डिझेल गाडी गिऱ्हाइकाला परवडणार नाही, हे कंपनीला आधीच कळले होते.

अमेरिकेत तर ही भूल पडायलाही जागा नाही. तिथे केंद्राचा कर पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट आहे. पंपावरही डिझेल बहुधा महागच असते. त्यात २०१५ मध्ये फोक्सवॅगनची धुराच्या तपासणीतली लबाडी उघडकीस आली. लांब पल्ल्याचा किंवा जड ओझे ओढणारा सोडला, तर तिथला साधा माणूस डिझेलच्या वाटेला जात नाही.

हे सारे वाचून दाखवल्यावर दादा चिडला. “कॉलेजात हेच शिकवतात का?” म्हणाला. माझ्या बाजूने बोलले ते वडील. चौथीनंतर त्यांनी पुस्तक धरलेले नाही. ते एवढेच म्हणाले, “मी जन्मभर मीटरवर मजुरी घेतली. किती मीटर निघणार ते बघूनच उधारी करायचो. तुझे किलोमीटर किती, ते सांग.”

दादाने अजून गाडी घेतलेली नाही. आता त्याच्या डोक्यात सी.एन.जी. आहे. त्याची गणिते वेगळी; डिकी टाकीत जाते आणि पंपावर थांबावे लागते. कामावरून येताना तो रोज पंपावरची रांग मोजून येतो आणि आकडा मला वहीत लिहायला लावतो. काल बावीस गाड्या होत्या.