मोहोर आणि पंचांग

१८३४ पासून ऊसमळ्यांच्या करारावर मॉरिशसला आलेल्या मजुरांत रत्नागिरी-सावंतवाडीकडील आपले पूर्वजही होते. कोकणात आंबा मोहोरतो मार्गशीर्षापासून माघापर्यंत. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथे तो श्रावण-भाद्रपदात, गणपतीच्या सुमारास मोहोरलेला असतो. पंचांग तेच राहिले, पण हंगाम उलटला. तो नव्याने ओळखावयाचा तर झाडाकडेच पाहावे लागले असणार.

मॉरिशसमध्येच जन्मलेली व शिकलेली मी सध्या दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये शिक्षिका आहे. माझ्या शेजारच्या मराठी कुटुंबाच्या अंगणात आंब्याचे एक मोठे कलम आहे. गेल्या वर्षी त्यास ऐन थंडीत मोहोराऐवजी पालवी फुटली. कारण ठिबकचे पाणी उन्हाळ्याप्रमाणेच रोज दोनदा सुटत होते. यंदा डिसेंबरात पाणी कमी केले आणि झाड मोहोरले. तेव्हा कोकणातील नातलगांनी कळविलेल्या तारखेस तुडतुड्यांवरील औषध फवारण्यात आले. ती तारीख येथे नेमकी भर मोहोरात आली. मोहोरावर घोंघावणाऱ्या माश्या नाहीशा झाल्या आणि झाडावर चारच कैऱ्या धरल्या.

"परक्या मातीत आंबा रुजत नाही," असे घरच्यांनी म्हटले. मला हे मुळीच पटत नाही. वाढलेल्या आंब्यास मोहोरण्यापूर्वी थंडी आणि पाण्याचा थोडा ताण हवा असतो. वाळूतील कोवळ्या कलमास मात्र असा ताण देऊ नये. एकाच तुऱ्यावर नरफुले व उभयलिंगी फुले असतात, आणि फलधारणा बहुतांशी माश्या व मधमाश्यांवर अवलंबून असते. म्हणून औषध द्यावयाचेच असेल तर ते फुले उमलण्यापूर्वी द्यावे. उमलल्यावर हात आवरावा. कैरी वाटाण्याएवढी झाली की पाणी हळूहळू वाढवावे. एवढे करूनही शंभरांतील एखादेच फूल फळास येते. तेव्हा गळालेला मोहोर पाहून घाबरू नये.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज तिसऱ्याच देशात वाढत आहेत. कोकणच्या तिथी त्यांस अवश्य शिकवाव्यात. परंतु अंगणात आंबा असेल तर त्यांच्या हाती एक वहीही द्यावी. पहिला तुरा केव्हा दिसला, पाणी केव्हा कमी केले, माश्या केव्हा आल्या, हे त्यांनी स्वत: पाहून लिहावे. अशी चार वर्षांची वही झाली, म्हणजे त्या अंगणाचे स्वत:चे पंचांग तयार होईल.